हलव्याचे दागिने: करायचे कसे आणि पोचवायचे कसे

(हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी, लोकलच्या आवाजात काही ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढून टाकलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.)

डिसेंबर संपत आलाय, पुण्यात सकाळी चहाच्या आधी तोंडातूनच वाफ निघतेय, आणि माझ्या मेसेजेसमध्ये दरवर्षीचा तो प्रश्न आलाय. "ताई, वहिनीची पहिली संक्रांत आहे, हाताने काहीतरी करून द्यायचंय." "मैत्रिणीच्या बाळाचं बोरन्हाण आहे, विकतचं नको वाटतंय."

तर आज हलव्याचे दागिने. पण आधीच सांगते, या भागातला निम्मा वेळ मी डबा, दोरा आणि कागद यांबद्दलच बोलणार आहे. का, ते पुढे कळेल. त्यात माझी फजिती आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवतात आणि अंगावर साखरेच्या हलव्याचे दागिने घालतात: हार, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा, नथसुद्धा. जावयालाही हार आणि हलव्याने मढवलेला नारळ मिळतो. आणि लहान बाळाचं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी बोरन्हाण करतात. म्हणजे काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात बासरी, आणि वरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. बाळ गोंधळून बघत राहतं आणि बाकीची पोरं खाली पडलेलं गोळा करायला झेपावतात. एवढंच.

आता फजिती.

तीन वर्षांपूर्वी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न झालं. नाव नाही सांगत, ती हे ऐकते. ती पुण्याची, सासर डोंबिवलीचं. लग्नातच मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने मी करणार, कोणी विकत आणायचे नाहीत." तिच्या सासूबाई समोर होत्या. त्याही म्हणाल्या, "अरे वा, छानच की!"

मी फोनवर तीन-चार व्हिडिओ बघितले, आठवडाभर राबले, पुठ्ठ्यावर हलव्याचा एकेक दाणा डिंकाने चिकटवून पूर्ण सेट केला. शेवटचा दागिना रात्री एकला झाला. सकाळी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चहूबाजूंनी टेप लावून, चकचकीत कागदात गुंडाळून कुरियरला दिलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी पार्सल पोचलं. तिचा मेसेज आला, "मिळालं गं! किती सुंदर!" पुढे सहा बदाम.

संक्रांतीचे फोटो आले. मी झूम केलं. ते दागिने माझे नव्हते.

मी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीत तिच्याकडे गेले तेव्हा जेवणं झाल्यावर, भांडी घासता घासता, ती बोलली. पिशवी उघडली तर आतून ओली होती. हार बांगड्यांना चिकटलेला, बांगड्या कमरपट्ट्याला, पुठ्ठा मऊ पडलेला. वाळेल म्हणून तिने ते फ्रीजमध्ये ठेवलं, तर बाहेर काढल्यावर आणखीच पाणी सुटलं. शेवटी संक्रांतीच्या आदल्या रात्री नऊ वाजता ती आणि तिचा नवरा बाजारात पळाले आणि उरलेल्यांपैकी एक सेट घेऊन आले. सासूबाईंना तिने सांगितलं की माझ्या मैत्रिणीचं पार्सल उशिरा आलं. "तुला वाईट वाटलं असतं गं," ती म्हणाली.

मला त्या लोळागोळ्याचं तेवढं काही वाटलं नाही. पण तिला माझ्या गिफ्टसाठी दोनदा खोटं बोलावं लागलं, एकदा माझ्याशी आणि एकदा सासरी, नवीन घरात, पहिल्याच सणाला. हे मात्र लागलं. विकतची वस्तू बिघडली तर माणूस सरळ दुकानदाराशी भांडतो. हाताने केलेली बिघडली तर ज्याला दिली तो बिचारा हसून "किती सुंदर" म्हणतो. आपण "हाताने केलंय हं" असं म्हणतो ना, तेव्हा समोरच्याचं तोंड आपण आधीच बंद केलेलं असतं. म्हणून मला वाटतं, हाताने केलेलं गिफ्ट विकतच्यापेक्षा जास्त नीट चाललं पाहिजे. कमी नाही.

असो. गेल्या जानेवारीत तिच्या बाळाचं बोरन्हाण होतं. मी पुन्हा म्हटलं, मी करते. फोनवर दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, "बरं." त्या "बरं"साठी मी नोव्हेंबरपासून कामाला लागले.

सगळ्यात आधी, चुकलं काय होतं? आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्या पूर्वी शेगडीवर हलवा करायच्या. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाकात काय घातलं होतंस?"

म्हटलं, "लिंबू."

"लिंबू? अगं, हलव्याच्या पाकात लिंबू कोण घालतं?"

गुलाबजामच्या पाकात घालतात! व्हिडिओत बघितलं होतं! आणि इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. गुलाबजामच्या पाकाची साखर होऊन बसू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की साखरेचे काही कण फुटून त्यांचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि ही भेसळ झाली की साखरेचे खडे सहज जमत नाहीत. पाक पातळ राहतो. पण हलव्यात आपल्याला नेमकं उलटं हवंय. पाक दाण्यावर पडल्या पडल्या त्याची कोरडी, पांढरी साखर व्हायला हवी. शिवाय फ्रुक्टोज हवेतलं पाणी साध्या साखरेपेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतं. म्हणजे मी असा हलवा केला होता जो धड वाळतही नव्हता आणि वर हवेतलं पाणी पीत होता. आणि तो मी पाठवला कुठे, तर पुण्याच्या कोरड्या थंडीतून खाडीकाठच्या डोंबिवलीला!

दुसरी चूक डिंकाची. पातळ डिंक असो की पांढरा फेविकॉल, त्यात पाणी असतं. साखरेच्या दाण्याला खालून पाणी लावलं की तो खालून विरघळतो. रात्री एकला चिकटवलेलं सकाळी वरून वाळलेलं दिसतं, पण पुठ्ठ्याच्या आत ओल असते. तिसरी चूक म्हणजे तेच ओलं प्रकरण मी प्लास्टिकमध्ये हवाबंद केलं. ओलीला बाहेर जायला जागाच नाही. बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून केलेली सोय, आणि आतलीच ओल आत कोंडली गेली.

फ्रीजचं तर सांगायलाच नको. थंड वस्तू बाहेर काढली की तिच्यावर हवेतली वाफ जमते, गार पाण्याच्या बाटलीला घाम सुटतो तशी. हलवा फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका.

आता कृती. वही-पेन नको, खाली सगळं लिहिलेलंच आहे.

हलव्याच्या आत एक बी असतं. तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, काहीही चालतं. हारासाठी मला साबुदाणा बरा वाटला, दाणा गोल आणि मोठा होतो. बारीक कामाला तीळ किंवा खसखस. चार चमचे तीळ घेतले तर आधी कोरडेच हलके भाजून घ्यायचे.

पाक असा: दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची आणि पाक गाळून घ्यायचा. एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं. लिंबू नाही! परत एकदा, लिंबू नाही.

गॅस अगदी मंद, त्यावर जुना तवा, तव्यावर पसरट परात. तवा मध्ये अशासाठी की परातीला थेट आच लागू नये. परात किती गरम हवी? बोटं टेकवून आरामात फिरवता येतील इतपतच, कारण हलवा बोटांनीच फिरवायचा असतो. परातीत तीळ टाकायचे, त्यावर एक छोटा चमचा पाक, आणि बोटांनी हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायचं. पाक सुकून दाणे पुन्हा सुटे झाले, सळसळ असा आवाज यायला लागला, की पुढचा चमचा. परत फिरवायचं. परत पुढचा चमचा. मध्ये पाक आळला तर चमचाभर पाणी घालून कोमट करायचा.

पहिल्या संध्याकाळी काहीही होत नाही. मी दीड तास फिरवलं आणि माझ्याकडे किंचित जाडे झालेले तीळ होते. दुसऱ्या संध्याकाळी ते पांढरे झाले. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी एकदम दोन मोठे चमचे पाक ओतला. दाणे छान गुळगुळीत झाले. काकूंनी वर येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "घाई केलीस ना? घाई केली की काटा येत नाही."

हा काटा येतो कसा, हे मला फार आवडलंय, म्हणून सांगतेच. पाक भरपूर असला की तो दाण्यावर सगळीकडे पसरतो, खाचखळगे भरून काढतो, दाणा गुळगुळीत होतो. पाक अगदी थोडा असला की दाणे गडगडताना जे बारीक उंचवटे असतात तेच आधी त्या ओल्या थराला टेकतात. तिथे पाक लागतो आणि खाली ओघळायच्या आत तिथेच वाळतो. उंचवटा आणखी उंच होतो. पुढच्या वेळी परत तोच आधी टेकतो. असं शेकडो वेळा झालं की काटा! वरून कोणी काही लावत नाही, तो दाण्यावर आपला आपण वाढत जातो.

आणि ही नुसती आपल्याकडचीच गंमत नाही बरं. जपानमध्ये कोनपेइतो नावाची अशीच काटेरी साखरेची गोळी मिळते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती तिकडे गेली, नावसुद्धा त्यांच्या 'कोन्फेइतो' या शब्दावरून पडलं. लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज पाद्रीने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला भेटायला जाताना काचेच्या बरणीतून या गोळ्याच नेल्या होत्या. बघा, गिफ्ट, आणि तेही नीट बरणीत भरून. त्याला कोणीतरी अक्कल दिली असणार. ती गोळीही तापलेल्या मोठ्या कढईत फिरवत, थोडा थोडा पाक घालत, कित्येक दिवस करतात.

तर चौथ्या संध्याकाळी माझ्या हलव्याला काटा आला. छोटासाच, पण आला. मी फोटो काढून घरातल्या ग्रुपवर टाकला. कोणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

खरं सांगते, सगळा हलवा मी घरी केला नाही. मुकुटाला एवढा हलवा लागतो की माझ्याच्याने झालं नसतं, तो मी बाजारातून आणला. हार आणि बासरी मात्र घरच्या हलव्याची. यात लाजण्यासारखं काही नाही. वेळ नसेल तर सगळा हलवा विकतचा घ्या आणि फक्त गुंफण्याचं काम करा, तेही पुष्कळ आहे.

गुंफण्याचं. सुईने दाणा टोचायला जाऊ नका, फुटतो. काकूंची पद्धत अशी: दुहेरी सुती दोरा घ्यायचा, त्याला सैल गाठ मारून एक फासा तयार करायचा, त्या फाशात दाणा बसवायचा आणि हळूच ओढायचा. मग वरून दुसरी गाठ. दोरा काट्यांच्या मध्ये अडकतो आणि दाणा निसटत नाही. गुळगुळीत दाण्यावर हाच दोरा घसरतो. म्हणजे काटा नुसता दिसण्यापुरता नाही, पकडीसाठीही कामाचा आहे. मला तर हे कळल्यावर काकूंच्या पिढीबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. एकेक दाणा बांधायचा म्हणजे वेळ लागतो. एका वीतभर हाराला मला जवळजवळ तास लागला. पण डिंक नाही, म्हणजे ओल नाही. आणि कार्यक्रम झाल्यावर मोठ्यांना तो हलवा खाताही येतो.

मुकुट आणि कमरपट्ट्याला पाठीमागे कडक काहीतरी हवं. त्यासाठी सगळ्यात उत्तम वस्तू प्रत्येक मराठी घरात फुकट पडलेली असते: जुन्या लग्नपत्रिका! जाड, कडक, वर सोनेरी छपाई. त्यांच्या पट्ट्या कापायच्या, त्यावर काळं सुती कापड चढवायचं, आणि हलव्याच्या माळा त्या कापडावर टाक्यांनी बसवायच्या. आतल्या बाजूने, म्हणजे जी बाजू बाळाला लागणार, तिथे जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा शिवायचा. काटे खरंच टोचतात. आणि बाळ रडायला लागलं की मग तो मुकुट नको आणि फोटोही नको. मागे बांधायला मऊ नाडी. टाचण्या, स्टेपलर, तार, यातलं काहीही बाळाच्या अंगावर नको.

आणि हे जरा गंभीरपणे ऐका. बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. सुटलेला हलव्याचा दाणा, बोरं, कुरमुरे, गोळ्या, सगळंच घशात अडकू शकतं. दागिने फोटोपुरते, कोणीतरी समोर बसलेलं असताना, आणि मग लगेच काढायचे. मी प्रत्येक दागिना करून झाल्यावर जोरात ओढून बघितला. एक दाणा जरी सुटला तरी ती सगळी माळ परत केली.

आता डबा. माझ्या मते खरं काम इथे आहे, आणि आपण सगळे तिथपर्यंत पोचतो तेव्हा दमलेले असतो, रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि टेप सापडत नसते.

म्हणून या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. हलवा करायच्याही आधी डबा आणला. घट्ट झाकणाचा, बिस्किटांचा असतो तसा पत्र्याचा चौकोनी डबा. आतली मापं २४ सेंटीमीटर लांब, १६ रुंद, ६ उंच. मग मुकुट त्या डब्यात मावेल असाच केला. मुकुटाची पट्टी सपाट ठेवायची, गोल वळवून नाडी बांधायचं काम तिकडे गेल्यावर. आधी दागिना आणि मग त्याला मावणारं खोकं शोधत गावभर फिरणं, हे मी आधी करून बसले होते.

नंतर चाचणी. हसू नका, पण मी हलव्याची एक माळ रात्रभर बाथरूममध्ये टांगून ठेवली, सकाळी गरम पाण्याची आंघोळ होईपर्यंत. दुसरी माळ डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, डबा त्याच बाथरूममध्ये. बाहेरची माळ चिकट झाली. डब्यातली खडखडीत. मग मला झोप लागली.

सिलिका जेल म्हणजे नवीन बुटांच्या, पर्सच्या खोक्यात ज्या बारीक पुड्या येतात त्या. पण बुटातली पुडी खाण्याच्या डब्यात टाकू नका आणि जुनी तर नकोच, तिने आधीच पाणी पिऊन घेतलेलं असतं. खाद्यपदार्थांसाठीच्या वेगळ्या मिळतात. नाही मिळाल्या तर मिठाच्या बरणीत घालतो तसे तांदूळ: कोरडे भाजायचे, पूर्ण गार करायचे आणि मलमलच्या पुरचुंडीत बांधायचे. सिलिकाइतकं काम नाही करत, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. यातलं काहीही घातलं तरी डब्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहा, "पुडी बाळापासून लांब ठेवा."

डब्यात दागिने सुटे ठेवायचे नाहीत. डब्याच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापला, त्याला बारीक भोकं पाडली आणि प्रत्येक दागिना दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने पुठ्ठ्याला टाचला. साडीच्या दुकानात दागिन्यांचे सेट कसे कार्डाला बांधलेले असतात, तसं. मग वरच्या रिकाम्या जागेत पतंगाचा कागद चुरगळून भरला. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या कागदाला तोटा नाही. झाकण लावायचं आणि डबा कानाशी धरून हलवायचा. आवाज आला तर अजून कागद. आवाज पूर्ण थांबेपर्यंत.

कागदात गुंडाळायचं असेल तर हिशोब सोपा आहे. डब्याच्या रुंदी आणि उंचीभोवती एक पूर्ण फेरी मोजायची: १६ आणि ६ आणि परत १६ आणि ६, म्हणजे ४४. एकावर एक चढायला ३ सेंटीमीटर धरा, ४७. ही कागदाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे डब्याची लांबी आणि दोन्हीकडे उंचीपेक्षा किंचित कमी: २४, अधिक ५, अधिक ५, म्हणजे ३४. एवढाच कागद कापा. आपण बहुतेक वेळा खूप मोठा कागद घेतो, मग कडेला त्याचा गठ्ठा जमतो आणि ते लपवायला आपण आणखी टेप लावतो. कॅलेंडरच्या जुन्या पानांची मागची पांढरी बाजू छान दिसते, आणि चकचकीत कागदासारखी घडीवर तडकत नाही.

पण मी कागद वापरलाच नाही. ओढणी वापरली. चौकोनी डब्याला कापड बांधायचं तर ढोबळ अंदाज असा, की चौकोनी कापडाची बाजू डब्याच्या लांबीच्या तिप्पट हवी. २४ चे झाले ७२. ओढणी त्या मापाची कापून कडा दुमडून शिवली. डबा कापडाच्या मधोमध तिरका ठेवायचा, म्हणजे डब्याच्या कडा कापडाच्या कोपऱ्यांकडे बघतील असा. समोरासमोरचे दोन कोपरे डब्यावर आणून घडी घालायची, उरलेल्या दोघांची वर गाठ. टेप नको, कात्री नको, उघडताना फाडाफाडी नको. यात नवीन काही नाही. आपल्याकडे पोथ्या अशाच बासनात बांधतात. एखादी योजना "बासनात गुंडाळली" म्हणजे संपली, असं आपण का म्हणतो कोण जाणे. बासनातल्या पोथ्या तर पिढ्यान्पिढ्या टिकल्या.

कुरियरसाठी ही ओढणी-गाठ बाहेर चालत नाही, ती कशात तरी अडकते. तेव्हा ओढणीत बांधलेला डबा आणखी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, चहूबाजूंनी चुरगळलेला कागद, आणि मग टेप. टेप फक्त इथे, बाहेरच्या खोक्याला.

आत एक चिठ्ठी ठेवली. "बोरन्हाणाच्या दिवशीच उघड. फ्रीजमध्ये ठेवू नकोस. हात कोरडे करून धर. मुकुट वळवून मागे नाडी बांध. पांढरी पुडी खायची नाही." आणि शेवटी, "यात काही बिघडलेलं निघालं तर खरं सांग, दुकानातून आण, मला अजिबात राग येणार नाही." ही ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि तारीख! बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे आधी विचारा की तुम्ही कधी करणार. मी कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पार्सल पोचेल असं पाठवलं. म्हणजे काही घोटाळा झालाच तर तिला रात्री नऊला बाजारात पळावं लागणार नाही.

पार्सल पोचलं त्या संध्याकाळी तिचा व्हॉइस नोट आला. मी तो दोनदा ऐकला. "अगं, मिळालं. उघडलं नाहीये, तू लिहिलंयस ना. पण हलवून बघितलं. आवाज येत नाहीये."

कार्यक्रमाच्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. बाळाने मुकुट चार मिनिटं ठेवला आणि मग दोन्ही हातांनी ओढून काढला. मी फोनजवळ डोळे नेऊन बघत होते, दाणे सुटले का. नाही सुटले. सासूबाईंनी बासरी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हे दोऱ्याने बांधलंय?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्या आई असंच करायच्या." मैत्रीण मागे उभी होती, ती काही बोलली नाही. नुसती बघून हसली.

पंधरा दिवसांनी डबा परत आला. आपल्याकडे डबा रिकामा पाठवत नाहीत, तिनेही नाही पाठवला. त्याच ओढणीत, अगदी नीट, मी बांधली होती तशीच गाठ बांधलेली. आत गुळपोळ्या. वरच्या जागेत तिने कागद भरला नव्हता, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचला तो गुळपोळ्यांचा चुरा. मी तिला फोन करून ते खरंखरं सांगितलं. मग वाटीत घेतला, वर तूप घातलं, आणि चमच्याने खाल्ला.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. तुमच्या हलव्याला काटा आला तर फोटो पाठवा. माझ्या घरच्या ग्रुपला नाही, पण मला नक्की त्यात विशेष वाटेल.